खळ, कात्री आणि चार शब्द

आत्याची चिकटवही माझ्याकडे आहे. मुळात ती एका दुकानाची जमाखर्चाची वही. लाल कापडी पुठ्ठा, आत फिकट निळ्या रेघा. पहिल्या तीसेक पानांवर कुणाचे तरी तेला-तुपाचे हिशेब आहेत, पुढची पानं कोरी राहिलेली. ती वही आत्याने रद्दीतून उचलली आणि पुढे वीस-बावीस वर्षं भरली.

तिच्या मधोमध पानशेतच्या पुराचं कात्रण आहे. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, त्यानंतरच्या दिवसांतलं. कागद कोऱ्या चहाच्या रंगाचा झालाय, बोट लावलं की तुकडा पडतो. पण शेजारी पेन्सिलीने तीन ओळी आहेत : ‘पाणी आपल्या चौथ्या पायरीपर्यंत. ट्रंका माळ्यावर नेल्या. रात्र गच्चीवर काढली.’ त्या ओळी काल लिहिल्यासारख्या ठळक आहेत.

पुराची बातमी कुठल्याही मोठ्या ग्रंथालयात जुने अंक चाळून मिळेल. चौथी पायरी मात्र या वहीखेरीज कुठेच नाही. चिकटवहीबद्दल मला जे सांगायचंय ते एवढंच. बाकीचं सामान घरात सापडतं किंवा स्वस्तात मिळतं. शेजारचे चार शब्द आपणच लिहायचे असतात. पुढची टिपणं त्या सामानाची आणि त्या चार शब्दांची.

०००

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला कातरकाम आणि चिकटकाम असायचं. चिकटवही म्हणजे त्या दोन कामांची जोड. कुणी तिला कात्रणवही म्हणतं. आता दुकानात ‘स्क्रॅपबुक’ म्हणून मिळते, आणि तिच्यासाठी लागणाऱ्या रंगीत टेप, स्टिकर, छिद्रं पाडायची यंत्रं यांचा वेगळा कप्पाच असतो. त्या कप्प्यापाशी जाण्याआधी घरातला माळा, शिवणाचा डबा आणि रद्दीचा गठ्ठा एकदा पाहून घ्यावा.

आपल्याकडे याहून जुना शब्द आहे : बाड. अभंग, पदं, आरत्या, औषधं, देण्याघेण्याच्या नोंदी, जे जे जपावंसं वाटलं ते एकाच ठिकाणी उतरवून ठेवलेली शिवलेली वही. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात अशी जुनी बाडं जपून ठेवली आहेत. त्यांत चिकटवलेलं काही नाही, सगळं हाताने उतरवलेलं. पण मनातली हौस तीच.

०००

पैसे कुठे घालायचे ते आधी ठरवावं. माझ्या मते एकाच ठिकाणी : पानांवर. वही एकदा भरली की पान बदलता येत नाही. वेष्टण, नाडी, सजावट हे सगळं नंतर केव्हाही बदलता येतं.

साध्या शालेय चिकटवहीचा रंगीत कागद भुरभुरीत असतो. वर्षा-दोन वर्षांत कडेने फिकट पडतो आणि खळीचा ओलावा लागला की फुगतो. त्यापेक्षा स्टेशनरीच्या दुकानातून पांढरे किंवा मळकट पांढरे कार्डशीट घ्यावेत. मोठा शीट २२ बाय २८ इंचांचा असतो. त्याचे चार भाग केले की ११ बाय १४ ची चार पानं मिळतात. दहा शीटमध्ये चाळीस पानं, म्हणजे दोन्ही बाजू धरून ऐंशी. एका कुटुंबाची चार-पाच वर्षं त्यात सहज मावतात.

पुण्यात असाल तर बोहरी आळी, मुंबईत असाल तर अब्दुल रहमान स्ट्रीट. घाऊक दुकानात दहा शीट एकदम घेतले तर सुट्यापेक्षा स्वस्त पडतात. दोघी-तिघींनी मिळून घ्यावेत.

०००

शीट कापण्याआधी कागदाचा कल बघावा. कागदातले तंतू एका दिशेने जास्त पसरलेले असतात. ओळखायची सोपी रीत : वर्तमानपत्राचं पान उभं फाडा आणि आडवं फाडा. एका बाजूने सरळ पट्टी निघते, दुसऱ्या बाजूने वेडीवाकडी. सरळ फाटतं ती तंतूंची दिशा.

कार्डशीट फाडून बघायची गरज नाही. दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने सहज वळतो ती घडी वहीच्या शिवणीला समांतर ठेवावी. मग पान उलटताना ताठ उभं राहत नाही, अलगद पडतं. बाइंडिंग करणारे लोक हे न सांगता करतात. आपण घरी वही बांधताना विसरतो आणि मग म्हणतो, वही नीट उघडतच नाही.

०००

बांधणी. शिवण येत नसेल तर नाडीची वही करावी. पुठ्ठ्याला आणि प्रत्येक पानाला डाव्या कडेपासून इंचभर आत दोन भोकं पाडायची. दाभणाने नीट पडतात. एका पानाची भोकं नमुना म्हणून धरून बाकीची पाडली की सगळी एका रेषेत येतात. त्यातून बुटाची नवी नाडी ओवायची आणि पुढच्या बाजूला गाठ. पान वाढवायचं, काढायचं, मागचं पुढे न्यायचं तर गाठ सोडली की झालं.

पुठ्ठा विकत आणू नये. शर्टाच्या खोक्यातला, रजिस्टरच्या मागचा, कॅलेंडरच्या मागचा, असे दोन-तीन एकावर एक चिकटवून वजनाखाली ठेवले की फळीसारखा ताठ होतो. त्यावर खणाचा उरलेला तुकडा किंवा विरलेल्या साडीचा शाबूत काठ. कापड पुठ्ठ्याच्या आत दीड इंच वळवायचं, कोपरे तिरके कापायचे आणि वरून अस्तराचा कागद लावायचा. आईच्या साडीचा काठ वहीवर असला की वही हातात घेणारा आधी त्यावरून हात फिरवतो, मग उघडतो.

०००

वही फुगते. नवशिक्यांची ही पहिली तक्रार. दहा-बारा पानं भरली की वहीचं तोंड जबड्यासारखं उघडं राहतं, कारण चिकटवलेल्या वस्तूंची जाडी फक्त बाहेरच्या बाजूला वाढते, शिवणीपाशी नाही.

उपाय फुकटचा आहे. शिवणीपाशी, दर दोन पानांमध्ये, इंचभर रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी घालायची. नाडीच्या वहीत पट्टीलाही दोन भोकं पाडली की काम झालं. तयार वही वापरत असाल तर दर तिसरं पान शिवणीपासून इंचभर ठेवून कापून टाकावं. राहिलेलं ठेंगणं पान पट्टीचं काम करतं. कापलेला भाग वाया जात नाही, त्याचीच लेबलं होतात.

०००

खळ.

दोन मोठे चमचे मैदा, त्यात गार पाणी इतकंच की गुठळी न राहता दाट भिजेल. बोटाने चोळून बघावं, कण लागता कामा नये. मग कपभर उकळतं पाणी थोडं थोडं ओतत ढवळायचं आणि मंद आचेवर ठेवायचं. आधी ते दुधासारखं पांढरं दिसतं. दोन-तीन मिनिटांत कडेने बुडबुडे येतात, पळीला जडपणा जाणवतो आणि पांढरेपणा जाऊन किंचित पारदर्शक चमक येते. ती चमक आली की उतरवायचं. त्याआधी उतरवलं तर कच्ची राहते आणि धरत नाही. फार वेळ ठेवलं तर रबरासारखी होते. गार होईतो ढवळत राहावं, नाहीतर वर साय धरते. शेवटी चहाच्या गाळणीतून गाळून घ्यावी.

लावायला जुना दाढीचा ब्रश उत्तम. केस मऊ आणि दाट असल्याने थर पातळ बसतो. खळ चिकटवायच्या तुकड्याला लावायची, पानाला नाही. लावली की मिनिटभर थांबायचं. ओलाव्याने कागद आधी पसरतो, मग स्थिरावतो. तो पसरत असतानाच पानावर ठेवला तर सुरकुत्या पडतात. मिनिटभराने ठेवला, मधून कडेकडे कोरड्या फडक्याने दाबत नेला, की सपाट बसतो. वरखाली बटर पेपर, त्यावर पाट, पाटावर वरवंटा. रात्रभर.

एका वेळी लागेल तेवढीच करावी. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, उन्हाळ्यात बाहेर ठेवली तर दुसऱ्या दिवशी आंबते.

०००

जुन्या बाइंडरांच्या खळीत मोरचूद असायचा, कीड लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे. जिथे मुलं वही करणार तिथे तो अजिबात नको. कुणी तुरटीही घालतात, खळ टिकावी म्हणून. तुरटी आम्लधर्मी असते आणि आम्लाने कागद हळूहळू ठिसूळ होतो, म्हणून तीही नको. ताजी खळ करावी, पातळ लावावी आणि पूर्ण वाळवावी.

घरी चिंचोके असतील तर त्यांचीही खळ होते. घोंगड्या विणणारे लोकर ताठ करायला हीच वापरतात. रंगाने तपकिरी असते, म्हणून पांढऱ्या पानावर दिसते. पुठ्ठे एकमेकांना जोडायला मात्र फार भक्कम.

०००

कुठे काय लावावं याचा माझा ठोकताळा : पुठ्ठा आणि कापडाला फेव्हिकॉल, कागदाला खळ, फोटोला काहीच नाही.

पांढरा गोंद एकदा वाळला की सुटत नाही. खळ ओलावा दिला की सुटते. वहीतली वस्तू पन्नास वर्षांनी कुणाला काढून बघावीशी वाटली, मागच्या बाजूचं वाचावंसं वाटलं, तर त्याला ती वाट ठेवायला हवी.

०००

अमेरिकन लेखक मार्क ट्वेनला चिकटवहीची इतकी आवड होती की गोंदाच्या कटकटीवर त्याने स्वतःच उपाय काढला. १८७३ मध्ये त्याने ‘स्वतः चिकटणाऱ्या’ चिकटवहीचं पेटंट घेतलं. पानांवर आधीच गोंदाच्या रेघा, त्या ओल्या करायच्या आणि कात्रण दाबायचं. ती वही चांगली खपली. गोंद कुठे आणि किती हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत तसाच आहे.

०००

फोटोला काहीच लावायचं नाही, तर तो राहणार कसा? पाकिटाच्या कोपऱ्यांनी.

घरात आलेलं कुठलंही कागदी पाकीट घ्या. खालचा कोपरा तिरका कापा, टोकापासून दीड-दोन सेंटिमीटरवर. हातात एक छोटी टोपी येते, दोन बाजू बंद आणि एक उघडी. अशा चार टोप्या फोटोच्या चार कोपऱ्यांना घालायच्या आणि टोप्यांच्या पाठीला खळ लावून पानावर ठेवायच्या. फोटोला गोंदाचा स्पर्शही होत नाही. पाहिजे तेव्हा एक कोपरा मोकळा करून फोटो काढता येतो, मागे लिहिलेलं वाचता येतं, परत बसवता येतो.

एका पाकिटात खालचे दोन कोपरे नक्की मिळतात, झाकण चिकटवलेलं असेल तर वरचेही दोन. दुकानात हेच ‘फोटो कॉर्नर’ म्हणून पाकिटात विकतात.

०००

ऐंशीच्या दशकात घरोघरी ते अल्बम आले : पानावर चिकट रेघा, वर पारदर्शक प्लास्टिक. उचललं, फोटो ठेवला, झाकलं. तेव्हा फार सोयीचे वाटले. आज त्यांतले फोटो पानाला घट्ट धरले गेलेत आणि पानं पिवळी पडली आहेत.

अशा अल्बममधून फोटो ओढून काढू नये. आधी जसा आहे तसा मोबाइलवर त्याचा फोटो घ्यावा. मग दात साफ करायचा मेणाचा दोरा किंवा पक्का शिवणदोरा दोन्ही हातांत ताणून फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवत न्यायचा. घाई केली तर फोटो मुडपतो. सुटत नसेल तर पान कापून फोटोसकट ठेवावं, फोटो फाडू नये.

०००

माझी एक चूक इथे लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही. आत्याचं पानशेतचं कात्रण मधोमध चिरलं होतं. मी काळजीने त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली. सात-आठ वर्षांत पट्टी पिवळी झाली, मग सुकून आपोआप गळून पडली. मागे राहिला एक तपकिरी पट्टा. पट्टीतला चिकटा कागदात मुरला होता आणि त्याखालची दोन वाक्यं आता वाचता येत नाहीत.

फाटलेला कागद जोडायची रीत अशी : पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी फाडून घ्यायची, कापून नाही. फाडलेल्या कडेला तंतू मोकळे राहतात आणि तेच धरतात. पातळ खळ लावून पट्टी मागच्या बाजूने बसवायची आणि वजनाखाली वाळवायची. पाच मिनिटांचं काम आहे.

०००

वर्तमानपत्राचा कागद पिवळा का पडतो? तो लाकूड यंत्राने दळून केलेल्या लगद्याचा असतो. लाकडातला लिग्निन नावाचा घटक त्यात तसाच राहतो. उजेड आणि हवा लागली की त्याचा रंग पालटतो आणि आम्ल तयार होतं. ते आम्ल शेजारच्या पानालाही डागाळतं. म्हणून कात्रण समोरासमोर चिकटवलं की पलीकडच्या पानावर त्याची तपकिरी सावली उमटते.

महत्त्वाच्या कात्रणाची चांगल्या पांढऱ्या कागदावर झेरॉक्स काढावी आणि वहीत ती लावावी. मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात, वहीच्या शेवटी. रंगीत प्रिंट घरच्या शाईच्या प्रिंटरवर काढली तर पाण्याचा थेंब पडताच फुटते. झेरॉक्सचं तसं होत नाही.

जुन्या काळी जुन्नरचा आणि दौलताबादचा हातकागद नावाजलेला होता. खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागद करणाऱ्यांची वस्तीच होती. तो कागद चिंध्यांसारख्या तंतूंच्या लगद्याचा, म्हणून दोन-अडीचशे वर्षांची पत्रं आज उघडून वाचता येतात, आणि कालपरवाचं वर्तमानपत्र उन्हात आठवड्यात पिवळं होतं.

०००

बोरूच्या शाईतलं काजळ, पेन्सिलीतलं ग्रॅफाइट, झेरॉक्सची काळी पूड. तिन्हींत कार्बन आहे आणि कार्बन उजेडाने उडत नाही. पेशवाईतली पत्रं, आत्याच्या तीन ओळी आणि आपली झेरॉक्स एकाच गोष्टीवर टिकतात. बॉलपेनची शाई फिकट होते, स्केचपेनची त्याहून लवकर.

वहीत लिहायला मऊ पेन्सिल. फोटोच्या मागे लिहायलाही तीच, फोटो कडक सपाट जागेवर पालथा ठेवून, हात हलका ठेवून. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढच्या बाजूने चेहऱ्यावर उठाव येतो.

०००

ग्रंथालयाच्या पुस्तकावर कात्री चालवू नये. झेरॉक्स काढावी किंवा हाताने उतरवून घ्यावं. हे वेगळं सांगावं लागू नये, पण पानं गायब झालेले जुने अंक मी हातात घेतले आहेत.

०००

कात्रणांसाठी दिवाळी अंक मागावेत. ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हे अंक घराघरांत साचत आले आहेत. रद्दीवाल्याकडे ते वजनावर मिळतात. जाहिराती, व्यंगचित्रं, मुखपृष्ठं, सगळं एकेका काळाचं. मुलांना ‘आजीच्या वेळचं घर’ असं पान करायचं असेल तर साठ-सत्तरच्या दशकातल्या अंकातल्या शिवणयंत्राच्या आणि रेडिओच्या जाहिरातींसारखी दुसरी चित्रं नाहीत.

पूर्ण, धडधाकट अंक मात्र कापू नये. पानं सुटलेला, मुखपृष्ठ गेलेला अंक घ्यावा.

०००

काय जपावं याची यादी करताना आपण लग्न, बारसं, सहल असे मोठे दिवस लिहितो. मी एक वस्तू सुचवते : स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं एक पान.

‘कालनिर्णय’ १९७३ पासून निघतं. मागच्या पानावरच्या पाककृती आणि लेख कापून ठेवणारे पुष्कळ आहेत. मी पुढची बाजू ठेवते. माझ्या आईच्या हातचं एक पान आहे. सहा तारखेला ‘खाडा’, सात तारखेला ‘खाडा’, म्हणजे दोन दिवस दूध घेतलं नाही, आम्ही गावाला गेलो होतो. अकराला ‘१ ली. जास्त’. कोण आलं होतं? बाराला ‘गॅस लावला’. एकोणिसाच्या चौकोनात नुसतं ‘दाढ’. सत्तावीसला एका नावाभोवती गोल, तो माझ्या धाकट्या भावाचा निकाल. महिन्याच्या शेवटी कोपऱ्यात दुधाची बेरीज, एकदा खोडून पुन्हा केलेली.

त्या महिन्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. पण महिना सगळा त्या पानात आहे. वर्षाअखेर कॅलेंडर रद्दीत टाकण्याआधी एक पान निवडून फाडून ठेवावं. खर्च शून्य.

०००

तिकिटं. एसटीच्या पेटीतली जुनी रंगीत, भोक पाडलेली तिकिटं पन्नास वर्षांनीही वाचता येतात. आता यंत्रातून येणारं तिकीट, दुकानाची पावती, एटीएमची चिठ्ठी वर्षा-दोन वर्षांत कोरी होते. त्या कागदाला उष्णतेने काळा होणारा लेप असतो, शाई नसतेच. उजेड, ऊब, तेलकट बोटं आणि प्लास्टिकची पिशवी, कशानेही अक्षरं जातात. पहिल्याच आठवड्यात झेरॉक्स काढावी, नाहीतर शेजारी हाताने लिहून ठेवावं : कुठून, कुठे, किती पैसे, सोबत कोण.

०००

लग्नपत्रिकेवरचा गणपती कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. म्हणून कितीतरी घरांत गणपतींची एक वही असते. आमच्या शेजारच्या आजींच्या अशा दोन वह्या होत्या. एका पानावर सहा, कातरीने कडा नेमक्या कापलेल्या, एकही सोंड दुखावलेली नाही.

त्या वहीत एक भर घालावी. प्रत्येक गणपतीखाली कुणाच्या लग्नाचा ते लिहावं, नावं आणि साल. मग तीच वही नात्यागोत्याची वंशावळ होते. आणि पत्रिकेचा उरलेला जाड कागद फोटोंच्या मागे लावायला किंवा पट्ट्यांना वापरावा. बाजारात एवढा चांगला कागद सुटा घ्यायला महाग पडतो.

०००

पाककृतींच्या वहीत कात्रणाशेजारी तारीख आणि एक वाक्य : ‘गूळ कमी केला’, ‘सासूबाईंना आवडलं’, ‘पुन्हा करू नये’. छापील कृती सगळ्यांची असते. तेलकट बोटाचा डाग पडला तर पडू द्यावा.

०००

सजावट. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. बटाट्याच्या अर्ध्या फोडीवर हवा तो आकार कोरता येतो. मुलांच्या पाण्याच्या रंगात फडकं भिजवून त्यावर भेंडी दाबायची आणि पानाच्या कडेने ठसे उमटवत जायचं. हळदीचा रंग सुंदर दिसतो, पण उजेडात उडतो, म्हणून तो वापरत नाही. रांगोळीचे ठिपके पेन्सिलीने मोजून काढून त्यावर कुठल्याही जुन्या वहीतला कुयऱ्यांचा, गोपद्मांचा नमुना उतरवता येतो.

भेटवस्तूचा कागद फाडू न देता सोडवून घ्यावा आणि पट्ट्या कापून ठेवाव्यात. रंगीत टेपचं काम त्या करतात.

एका पानावर तीनपेक्षा जास्त रंग नकोत. पानावरची वस्तू आधी दिसली पाहिजे.

०००

पानं-फुलं दाबायला जुना जाड ग्रंथ आणि टिपकागदाऐवजी वर्तमानपत्राची घडी. पहिले चार दिवस घडी रोज बदलायची, नाहीतर बुरशी येते. जाड पाकळ्यांची फुलं नीट वाळत नाहीत. सदाफुली, बोगनवेल, गवताची तुरेदार काडी, नेचा हे उत्तम.

पिंपळपानाची जाळी करायची तर पान पाण्यात बुडवून तीन-चार आठवडे ठेवावं, पाणी अधूनमधून बदलावं. हिरवा गर सुटू लागला की जुन्या मऊ दात घासायच्या ब्रशने हलकेच चोळावा. जाळी पाकिटाच्या कोपऱ्यांतच बसवावी. खळ तिला जड होते.

खाली लिहावं : कुठल्या झाडाचं, कुठे.

०००

मोबाइलमधल्या फोटोंचं काय, असं मला हमखास विचारतात. हजारो असतात, म्हणून एकही छापला जात नाही. मी एक नियम केलाय. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्या महिन्यातला एक फोटो निवडायचा. वर्षाचे बारा. डिसेंबरात ते एकदम ४ बाय ६ इंचांत छापून घ्यायचे. स्टुडिओत बारा प्रतींचा खर्च एका हॉटेलातल्या नाश्त्यापेक्षा जास्त होत नाही.

परदेशात असलेली मुलं-नातवंडं फोटो पाठवतातच. त्यांना सोबत एक ओळ मागावी : कुठे काढला, बाजूला कोण आहे. ती ओळ तशीच्या तशी फोटोखाली उतरवावी, त्यांच्या शब्दांत, त्यांच्या तोडक्या मराठीत असली तरी.

०००

कसर आणि ओल. कसरीला खळ आवडते, हे खरं आहे. म्हणून थर पातळ आणि पूर्ण वाळवलेला हवा. कपाटात वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून ठेवावेत. बुटांच्या आणि औषधांच्या खोक्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या येतात, त्या साठवून कपाटात टाकाव्यात, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर चिकटवायचं काम काढूच नये. त्या चार महिन्यांत कापावं, निवडावं, लिहावं. चिकटवणं दिवाळीनंतर.

वही प्लास्टिकच्या पिशवीत घालू नये, आत ओल कोंडते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे गठ्ठे कापडात बांधलेले असतात आणि त्या गठ्ठ्याला रुमालच म्हणतात. आपलाही रुमाल करावा : जुन्या, बऱ्याच वेळा धुतलेल्या सुती साडीचा चौकोन, चार टोकांची गाठ. आतल्या कागदांना हवा लागते, धूळ लागत नाही, उजेड पोचत नाही.

वर्षातून एकदा सोडून, पानं उलटून, सावलीत वारा द्यावा. दसऱ्याला पाटीपूजनासाठी वह्या-पुस्तकं बाहेर निघतातच. पावसाळा नुकता सरलेला असतो. तोच दिवस धरावा.

०००

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला. पुढे बावीस खंड झाले. त्यासाठी ते गावोगाव, घरोघर जुने रुमाल शोधत फिरले. त्यांतले कितीतरी कागद लिहिणाऱ्याच्या दृष्टीने अगदी साधे होते : पावत्या, निरोप, तक्रारी. आज इतिहास त्यांवरून लिहिला जातो. म्हणून साधं काही वहीत लावताना मला कधी संकोच वाटत नाही.

०००

आत्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक फोटो आहे. सहा बायका, नऊवारी, कुठल्या तरी देवळाच्या पायऱ्यांवर. डावीकडून दुसरी आत्या. उजवीकडची एक माझी आजी असावी. बाकी चौघी कोण, देऊळ कुठलं, साल कुठलं, काही नाही. वहीतल्या प्रत्येक कात्रणाशेजारी लिहिणाऱ्या आत्याने इथे काहीच लिहिलं नाही. ती विसरेल असं तिला वाटलं नसणार, रोजच्या मैत्रिणी त्या.

मी तो फोटो घेऊन पाच-सहा वडीलधाऱ्यांकडे गेले. शेवटी आत्याच्या शेजारी राहिलेल्या एक काकू भेटल्या, ब्याण्णव वर्षांच्या. त्यांनी फोटो डोळ्यांपाशी धरला, खूप वेळ पाहिला आणि तिसऱ्या बाईवर बोट ठेवून म्हणाल्या, “ही माझी थोरली जाऊ. हिला पुढे चष्मा लागला.”

घरी येऊन मी पेन्सिल घेतली. फोटोखाली सहा रेघा आखल्या. दुसरीवर आत्याचं नाव लिहिलं, तिसरीवर काकूंच्या जाऊबाईंचं, सहावीवर आजीचं, पुढे प्रश्नचिन्ह टाकून. तीन रेघा कोऱ्या आहेत. पुढच्या रविवारी काकू त्यांच्या बहिणीला बोलावणार आहेत. मी फोटो आणि पेन्सिल घेऊन जाणार आहे.